कौसामावशीची ड्युटी

आमच्या गावात म्हशीला साहेब म्हणणारी एकच बाई होती. "ओ सायब, निघा बाहेर. आले तसेच निघा," असं रस्त्यापलीकडून ऐकू आलं की समजायचं, कोणाची तरी म्हैस पडावात शिरली आहे आणि कौसामावशीनं तिला गाठलं आहे. म्हैस असो, बोकड असो, नाहीतर आमच्या सरपंचांचा वांड गोऱ्हा असो, नुकसान करायला आला तो साहेब. आणि खरे साहेब, म्हणजे मंडलाच्या म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून जीपनं येणारे, त्यांना मात्र ती बापू म्हणायची. मी एकदा विचारलं, मावशी, हे उलटं काऊन? तर म्हणाली, "ढोराले मान देल्ला की ते लाजते. मानसाले मान देल्ला की ते चढते." तिनं मागितलेला गूळ मी बांधून दिला.

मी किराणा दुकानदार. तेलंगणात, आदिलाबादकडे, बाजारहत्नूरच्या रस्त्यावर आमचं गाव, रस्त्याला लागून माझं दुकान, आणि दुकानासमोर, रस्ता ओलांडला की पडाव. पडाव म्हणजे फौजेची जमीन. निझामाच्या वेळी पलटणी पायी जायच्या, तेव्हा मुक्कामाला अशा जागा राखून ठेवलेल्या असत. तंबू ठोकायला माळ, घोड्यांना चारा, प्यायला विहीर. निझाम गेला, जमीन सरकारी फौजेकडे आली, पलटणी ट्रकात बसून जाऊ लागल्या आणि पडाव तिथंच राहिला. चार कोपऱ्यांना नंबर कोरलेले दगड, मध्ये दगडी विहीर, थोडे पळस, मोहाची पाच झाडं आणि बाकी सगळं गवत. पावसाळ्यात ते कमरेला लागायचं.

त्या गवताच्या कडेला कौसामावशीची अर्ध्या एकराची भाजीची वाडी. जातीची माळीण, ठेंगणी, सावळी, पुढचे दोन दात गेलेले. नेसायला नऊवारी लुगडं आणि लुगड्यावरून कमरेला फौजेचा जाड खाकी पट्टा, पितळी बकलाचा. पट्ट्यात विळा खोचलेला. आमच्याकडे त्याला इळा म्हणतात. नवा माणूस तिला पाहून हसायचा आणि विळा दिसला की हसायचा थांबायचा.

पट्ट्याची गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती, तरी ती दर सहा महिन्यांनी सांगायचीच. ती नवी नवरी होऊन आली त्या साली पडावावर शेवटची पलटण उतरली होती. आठ दिवस तंबू होते. सासूच्या सांगण्यावरून ही रोज टोपलीभर वांगी-मिरच्या नेऊन द्यायची. निघायच्या दिवशी एका हवालदारानं आपला जुना पट्टा तिला दिला आणि म्हणाला, "बहन, हम फिर आएँगे. जगह का ध्यान रखना." तो बोलायचं म्हणून बोलला असेल. ही बाई त्या दिवसापासून ड्युटीवर.

"मावशी," मी म्हणायचो, "तो हवालदार आता घरी नातवंडं खेळवत असेल."

"खेयवू दे ना मंग. ड्युटी खतम झाली म्हनून सांगतलं काय त्यानं?"

पडावाचा कायदा काही तिनं केलेला नव्हता, तो तिच्या आजेसासूच्याही आधीचा. नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंत पडावात विळा घालायचा नाही आणि ढोर सोडायचं नाही. त्या दिवसांत गवतात पाखरांची अंडी असतात आणि गवताचं बी पडायचं असतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माळ्याच्या घरची मोठी सून, म्हणजे आमच्या वेळी कौसामावशी, पहिला विळा घालणार, मग सारं गाव तुटून पडणार. दसऱ्याला सोनं लुटायचं आणि दुसऱ्या दिवशी पडाव लुटायचा, असं आम्ही म्हणतो. कोणाला बैलांसाठी, कोणाला छपरासाठी, ज्याला जितकं उचलवेल तितकं. कायदा जुना, पण तो पाळून घेतला कौसामावशीनं.

हातानं रानभाजी खुडायला बंदी नव्हती. तिथंही तिचा नियम होताच. श्रावणात पडावातल्या झुडपांवर कटुल्यांचे वेल चढायचे. कारल्याची ही काटेरी धाकटी बहीण बाजारात आली की शाळेतले तेलुगू मास्तर "आकाकरकाय" म्हणत तिच्या टोपलीवर झडप घालायचे. एकदा आमच्याकडे व्याही येणार होते. बायको मला घेऊन वाडीवर गेली. कटुली थोडी कमी पडत होती आणि समोर वेलावर चांगली पिवळी झालेली लटकत होती.

"मावशी, ती तर दिसून राह्यली," बायको म्हणाली.

"दिसतेत. पिकले ते बियाले. वेलाचे हायत ते, माहे नाईत."

बायको रागानं परत निघाली, तर मावशीनं मागून येऊन तिच्या पिशवीत मूठभर हिरव्या मिरच्या टाकल्या. "व्याह्याले तिखट करून घाल. जास्त खाईन नाई तो." व्याही खरोखरच जास्त जेवले नाहीत.

असं चाललं होतं. मग तीन-चार वर्षांपूर्वी बातमी आली की फौजेला पडाव नको आहे. जास्तीच्या जमिनींच्या यादीत त्याचं नाव निघालं. आता दोन गोष्टी होऊ शकत होत्या. जमीन रिकामी, बिनकामाची ठरली तर लिलावानं विकायची, आणि राखण्यासारखी ठरली तर जंगल खात्याच्या हवाली करायची. काय ते ठरवायला एक साहेब मौक्यावर येऊन पाहणार होते.

गावाला प्लॉटचा ताप चढला. ज्याच्या खिशात आदिलाबादच्या बसचं भाडं नव्हतं तोही लांबी-रुंदीच्या गोष्टी करू लागला. कोणी म्हणे पेट्रोल पंप येणार, कोणी म्हणे फंक्शन हॉल येणार. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी सर्वांच्या पुढे. रस्त्याला लागून पडावाचा उगवतीचा कोपरा माझ्या डोळ्यात भरला होता. तिथं दोन शटरचं दुकान, वर राहायला घर. एका सकाळी दूध आणायच्या निमित्तानं किटली घेऊन निघालो आणि त्या कोपऱ्यात एक चपटा दगड नेऊन ठेवला. दुकानाच्या शटरला लावून उरलेला लाल रंग त्याला फासला. दगड ठेवून लिलावात जागा मिळत नाही हे काय मला कळत नव्हतं? पण हाव लागली की माणूस दगडालाही कामाला लावतो.

दोन दिवसांनी कौसामावशी दुकानात आली. चेहरा अगदी गंभीर.

"दुकानदार, पडावात देव निंघाला."

"कोणता देव?"

"कोन्ता तं समजत नाई बाप्पा. लाल हाय. कोपऱ्यात बसला हाय. नारळ दे एक, अन् उदबत्ती दे."

मी तिला नारळ दिला. तिनं तो माझ्या दगडावर फोडला, आणि परत जाताना दुकानात येऊन माझ्याच हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. आठवड्याभरात दगडाला झेंडूची माळ आली. बाया जाता-येता हात जोडू लागल्या. माझी बायकोसुद्धा. घरात खरं सांगायची सोय नाही आणि दगड उचलून आणायचीही सोय राहिली नाही.

मग मारुतीच्या पारावर गाव जमलं. सरपंच बोलायला उठले. ते मनानं चांगले, पण माईक नसतानाही माईकसमोर असल्यासारखं बोलतात आणि थांबत नाहीत. फौज आता येत नाही, जमीन रिकामी पडली आहे, विकली तर गाव सुधारेल, असं त्यांनी तीन प्रकारे सांगितलं. बायांमध्ये बसलेली कौसामावशी तिथूनच म्हणाली, "पावना गेला म्हनून बाज इकते काय कोनी?"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "मावशी, पाहुणा गेला त्याला जमाना झाला."

"मंग? त्या बाजीवर लेकरं झोपून राह्यले ना. रिकामी कुठी हाय?"

एवढं बोलून ती शेंगा निवडत बसली. मला वाटलं होतं भांडेल, रडेल, कोणाला शाप देईल. तिचं सारं लक्ष शेंगांवर. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

साहेब भाद्रपदात येणार असं कळलं. सरपंचांनी डोकं लढवलं. गवत वाढलेलं असताना जमीन काय दिसणार? साफ, सपाट, प्लॉट पाडण्याजोगी दिसली पाहिजे. म्हणजे साहेब यायच्या आधी गवत कापायचं. झालं, एका सकाळी आम्ही वीस-पंचवीस माणसं विळे घेऊन पडावाच्या कडेला उभे राहिलो. आणि उभेच राहिलो.

"हं, चला," सरपंच म्हणाले.

"तुमी व्हा समोर," कोणीतरी म्हणालं.

"मी सरपंच हाय. सुरुवात तुमी करा."

मला पुढे ढकललं. मी गवताला हात घातला, मूठ धरली, आणि विळा काही खाली जाईना. घाबरलो म्हणावं तर समोर कोणी नव्हतं. जन्मात कधी माळ्याच्या सुनेआधी पडावात विळा घातला नव्हता, एवढंच. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पहिला इळा झाला की सांगा, पाच मिनिटांत येतो. जमीन विकायला निघालेल्या माणसांनाही मुहूर्त मोडवत नव्हता.

मग आम्ही जे केलं ते आमच्याच गावचे लोक करू शकतात. आम्ही कौसामावशीकडे गेलो आणि म्हणालो, मावशी, या वर्षी पहिला विळा जरा लवकर घालून दे.

ज्या बाईच्या विरुद्ध सारी खटपट, तिच्याकडेच मुहूर्त मागायला सारं गाव गेलं. तिनं आम्हाला एकेकाला पाहून घेतलं. हातातली मेथीची जुडी ठेवली, हात धुतले, पट्टा आवळला आणि म्हणाली, "चाला."

ती पुढे, आम्ही मागे. दहा पावलांवर ती थांबली आणि गवत हातानं बाजूला केलं. "इथून सुरू करू?" खाली लावरीचं घरटं, त्यात सात अंडी. आम्ही म्हणालो, इथून नको. ती पुढे गेली. "मंग इथून?" तिथं सशाची दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली. "नको." "इथून?" तिथं तितरानं नुकतीच अंडी फोडून पिल्लं नेली होती, पण शेजारच्या झुडपात आणखी कोणाचा तरी संसार होता. तिला सगळ्यांचे पत्ते ठाऊक होते. शेवटी ती विळा सरपंचांच्या हातात देऊन म्हणाली, "मले काई जागा दिसून नाई राह्यली, भाऊ. तुमी पाहा. जिथं कोनी राहत नसन तिथं मी इळा घालतो."

सरपंचांनी मनावर घेतलं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून ते वाकून वाकून रिकामी जागा शोधू लागले. आम्हीही पसरलो. थोड्या वेळानं कोणीतरी हळूच ओरडलं, "इकडे या, इकडे या, हे पाहा." मग दुसऱ्या बाजूनं. दुपारपर्यंत आमच्या गावातली सगळी मोठी माणसं उकिडवी बसून एकमेकांना घरटी दाखवत होती. जे प्लॉट मोजायच्या गोष्टी करत होते ते अंडी मोजत होते. सरपंचांना एक पिल्लू फार आवडलं. ते हातात घेऊ म्हणाले, तर मावशीनं हातावर चापट मारली. विळे जसे नेले तसे कोरे घेऊन आम्ही परत आलो. मला त्या दिवशी इतका आनंद का झाला होता, ते तेव्हा समजलं नाही.

साहेब आले त्या दिवशी कौसामावशी गोऱ्ह्याला हाकलत होती. "सायब, अक्कल हाय का तुमाले, निघा आधी." जीपमधून उतरणारा ड्रायव्हर परत आत बसला. साहेब तेलुगू माणूस, चष्म्याचे, पायात शहरी बूट, डोक्याला टोपी. ते शांतपणे गवतात शिरले, तासभर फिरले, विहिरीत डोकावले. माझ्या दगडापाशीही गेले. तिथली ताजी फुलं पाहून बूट काढू लागले तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मोहाखाली पंचनामा सुरू झाला. पंच दोन, सरपंच आणि मी. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं होतं, घरटी पाहिली तरी ते कोणी बदललं नव्हतं. जमीन रिकामी आहे, कोणाच्या वापरात नाही. एवढं लिहून दोघांनी सही करायची, की लिलावाचा रस्ता मोकळा. कौसामावशी थोडी दूर बसली होती. तिचं सारं आयुष्य त्या एका ओळीवर टांगलेलं होतं आणि ती ओळ माझ्या तोंडून निघायची होती.

साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "घास इतनी बड़ी हो गई, गाँव में इतने जानवर हैं, फिर काटी क्यों नहीं?"

"ऐसे कैसे काटेंगे साहेब?" मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. "दसरा होने दो ना."

"दसरा क्यों?"

बस्स. मग माझ्या तोंडाचा बांध फुटला. नागपंचमी, अंडी, बी, माळ्याची सून, पहिला विळा, सारं सारं सांगितलं. सरपंच माझा पाय दाबत होते. मी पाय मागे घेतला आणि त्यांना लावरीच्या सात अंड्यांची गोष्ट सांगायला लावली. मग ते सुरू झाले. ते सुरू झाले की थांबत नाहीत, हे आधी सांगितलंच आहे.

"हर साल ऐसा करते हैं?" साहेबांनी विचारलं.

"हमारे दादा के टाइम से," मी छाती काढून म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. रिकामी हा शब्द त्या कागदावर आलाच नाही.

"और ये सब देखता कौन है?"

आम्ही सगळ्यांनी एका दिशेला पाहिलं. कौसामावशी उठली, पट्ट्याचं बकल सरळ केलं. "मैं देखती, बापू. हवालदार बोल के गया. उसके बाद कोई आया नहीं." आणि पुढं तिनं जे विचारलं ते मी विसरणार नाही. "तुम फौज का कागद लेके आये. मेरी ड्युटी खतम क्या?"

साहेबांनी टोपी काढली. "अभी नहीं, अम्मा," ते म्हणाले.

तिनं मान हलवली आणि लगेच त्यांना जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. भाजी तोंडात जाताच साहेब आपल्या तेलुगूत "गोंगूरा" म्हणाले आणि त्यांचा चेहरा घरच्यासारखा झाला. तीन भाकरी खाल्ल्या. मावशी मला हळूच म्हणाली, "बुटाचा मानूस, पन जेवते चांगला."

पुढच्या उन्हाळ्यात कागद आला. पडाव विकायचा नाही. जंगल खात्यानं तो गवताचं रान म्हणून राखायचा, आणि दस्तुराप्रमाणे दसऱ्यानंतर गावानं गवत कापायचं. सरपंच आता पाहुण्यांना सांगतात की पडाव त्यांनी वाचवला. कौसामावशीनं त्यांना एकदाही खोडून काढलं नाही.

त्यानंतर एकच दसरा तिला मिळाला. संक्रांतीच्या आधी दोन दिवसांच्या तापात ती गेली. आता पट्टा तिची सून बांधते, पंजाबी ड्रेसवरून, आणि म्हशीला साहेब म्हणायलाही शिकली आहे. ते ऐकलं की मला बरं वाटतं. पण माझ्या डोळ्यांसमोर मावशी उभी राहते ती त्या शेवटच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची.

तिनं पहिला विळा घातला, मूठभर गवत कापून कपाळाला लावलं. सारं गाव आत शिरलं. तिची कमर धरली होती, म्हणून ती हळूहळू उगवतीच्या कोपऱ्यात गेली आणि सरळ त्या लाल दगडावर बसली.

मी धावलो. "मावशी, देवावर बसली?"

"बसली." तिनं पाय पसरले. "हा देव किटली घेऊन दूध आनाले चालला व्हता, तईच पाहलं होतं मी."

माझी मान खाली गेली. "मग नारळ कायले फोडला?"

"दगड उचलून फेकला असता तं तू दुसरा ठेवला असता. देव केला, तं तुह्या हातानं नाई उचलता आला, अन् दुसऱ्या कोनाची हिंमत नाई झाली." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जागा मात्र बेस निवडली होती. हवा लागते इथं. जाय, गवत काप."

मी गेलो. कापणारे तिच्याजवळ पोचले तेव्हा तिनं हात आडवा केला. "माह्या भोवतालचं राहू द्या. बी पडू द्या त्याचं." संध्याकाळी शेवटचा टेम्पो भरला तेव्हा पडाव या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट झाला होता. फक्त कोपऱ्यात उभ्या गवताचं एक गोल राहिलं होतं आणि त्याच्या मधोमध कौसामावशीचं डोकं दिसत होतं.

"मावशी, चल, झालं सगळं," मी हाक मारली.

तिनं वळून पाहिलं नाही. "तुमी व्हा समोर. माही ड्युटी हाय."

मी पेंढी डोक्यावर घेतली, रस्ता ओलांडला आणि माझं जुनं एका शटरचं दुकान उघडलं. दिवा लावून बाहेर पाहिलं, तर ती तिथंच होती.